बदाम खा, पण आधी कान आणि बीपी तपासा! मेंदू शाबूत ठेवणाऱ्या सवयी नेमक्या कोणत्या?

ठाण्यातल्या तीन जणांना विचारा, कोलशेत म्हणजे काय? पंचविशीतला म्हणेल सेंट्रल पार्क आणि उंचच उंच टॉवर. साठीतला म्हणेल सँडोझ कंपनी. आणि गावात जन्म गेलेली आगरी आजी म्हणेल खाडी, भाताची शेतं आणि मासळीची पाटी.

तिघंही बरोबर आहेत. खाडीकाठचं हे आगरी-कोळ्यांचं गाव आधी कारखान्यांचं झालं, मग टॉवरचं. सँडोझची पुढे क्लॅरियंट झाली, ती कंपनीही गेली आणि त्या जमिनीवर आज मोठं गृहसंकुल उभं आहे. पोस्टाच्या पत्त्यात मात्र 'सँडोझ बाग' अजून टिकून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथेच २०.५ एकरांचं 'नमो द सेंट्रल पार्क' सुरू झालं आणि कोलशेत रस्ता रीलवर झळकायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, याचा मेंदूशी काय संबंध? तर संबंध असा, की म्हातारपणी मेंदू किती चालेल हे ठरवणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी मेंदूत नसतात. त्या आपण किती चालतो, कुणाशी बोलतो, काय ऐकतो, जेवणात मीठ किती घेतो यात असतात. आणि एका गावाचं राहणीमान दोन पिढ्यांत बदलतं तेव्हा या सगळ्याच गोष्टी बदलतात. कोलशेतमध्ये हा बदल एका रस्त्याच्या दोन बाजूंना उभा राहून बघता येतो.

आधी आजार समजून घेऊ

डिमेन्शिया, म्हणजे मराठीत स्मृतिभ्रंश. नावात 'स्मृती' असली तरी प्रकरण फक्त विसरण्यापुरतं नाही. हिशोब चुकणं, बोलताना शब्द न सापडणं, रोजच्या वाटेवर हरवणं, स्वभाव बदलणं आणि शेवटी रोजची कामं स्वतः न जमणं, या सगळ्याला मिळून हे नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणं हे दुसरं मोठं कारण. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत दोन्ही एकत्र असतात.

भारतात किती लोकांना हा त्रास आहे, याचा देशभर पाहणी करून काढलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल असं हाच अभ्यास सांगतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघालं. 'गावाकडची माणसं ठणठणीत असतात' हे वाक्य व्हॉट्सॲपवर छान वाटतं, आकड्यांत तसं दिसत नाही. न झालेलं शिक्षण हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

डिमेन्शिया पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. अल्झायमरचा वेग थोडा कमी करणारी काही नवी औषधं परदेशात आली आहेत, पण ती महाग आहेत, सगळ्यांना चालत नाहीत आणि त्यांचे दुष्परिणामही आहेत. म्हणून जगभरातल्या अभ्यासकांचं लक्ष गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाकडे वळलंय. आजार होऊच नये, किंवा उशिरा व्हावा, यासाठी काय करता येईल?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली. तिने २०१७ मध्ये बदलता येण्यासारखी ९ कारणं सांगितली, २०२० मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १४. या १४ गोष्टी सगळीकडे आटोक्यात आल्या, तर जगातले ४५ टक्क्यांच्या आसपास डिमेन्शियाचे रुग्ण टाळता येतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल, असं समितीचं गणित आहे.

इथे एक घोळ होतो. हे ४५ टक्के संपूर्ण समाजाचे आहेत. 'मी रोज चाललो तर माझा धोका ४५ टक्क्यांनी कमी' असा त्याचा अर्थ लावू नका. सगळं नीट करूनही काहींना हा आजार होतोच. वय आणि आनुवंशिकता कुणाच्या हातात नाही.

यादीत सगळ्यात वर काय? कान!

१४ कारणांत सगळ्यात मोठा वाटा दोन गोष्टींचा निघाला, प्रत्येकी ७ टक्के. एक, चाळिशी-पन्नाशीत वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल. आणि दुसरं, कमी ऐकू येणं.

कोलेस्टेरॉलचं पटकन कळतं. पण कानाचा आणि स्मरणशक्तीचा काय संबंध?

समजा, घरातल्या आजोबांना ऐकू कमी यायला लागलं. सुरुवातीला ते 'काय?' 'काय म्हणालास?' असं विचारतात. मग समोरचे वैतागतात, 'काही नाही, राहू दे' म्हणतात. मग आजोबाच विचारायचं सोडतात. लग्नाला गेले तरी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतात, फोन घेत नाहीत, कट्ट्यावर जाणं बंद करतात. घरात चर्चा सुरू होते की आजोबांचं आताशा कशात लक्ष नसतं, सगळं विसरतात. खरं तर निम्म्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्याच नसतात. जे ऐकलंच नाही ते लक्षात कुठून राहणार?

हा झाला गैरसमजाचा भाग. पण पुढे खरोखरही नुकसान होतं असं संशोधकांना वाटतं. एक तर अर्धवट ऐकलेलं वाक्य जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते. दुसरं, आवाजाची माहिती कमी पोहोचली की मेंदूच्या त्या भागांचं काम कमी होतं. आणि तिसरं, माणूस एकटा पडतो. एकटेपण हे त्या १४ कारणांमध्ये स्वतंत्रपणेही आहे.

मग कानाचं मशीन लावलं की झालं? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं ती चालली. सगळ्या लोकांचा एकत्र हिशोब केला तर मशीन लावलेल्यांना विशेष फायदा दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, वय जास्त, बीपी-शुगर वगैरे, त्यांच्यात मशीन आणि समुपदेशन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे जादू नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. चष्मा लावायला कुणी लाजत नाही, मशीन लावायला सगळे लाजतात. 'अजून एवढा म्हातारा झालो नाही' हे वाक्य बहुतेक घरांनी ऐकलंय. दुसरी अडचण पैशांची. चांगली मशीन महाग असतात हे खरं. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची. तिथे कानाच्या सगळ्या तपासण्या होतात. महाराष्ट्र सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वर्षाला २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तेवढ्यात उत्तम मशीन येणार नाही, पण सुरुवात तरी होते.

आणि तरुणांनो, हा विषय आजोबांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत कानाला सोसतो. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. ठाण्या-भिवंडीकडच्या हळदी ज्यांनी बघितल्यात त्यांना डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की छाती कशी धडधडते हे सांगायला नको. तिथे ८० हा आकडा फार मागे राहतो. हळदीला नाचूच नका असं कोण म्हणेल? पण स्पीकरपासून लांब नाचा, अधूनमधून बाहेर या. लोकलच्या गोंगाटावर मात करायला इअरफोनचा आवाज पूर्ण वाढवण्याची सवयही याच खात्यात जमा होते. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

याच यादीत २०२४ मध्ये डोळ्यांचीही भर पडली. उपचार न केलेली अंधुक नजर. त्यामुळे 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' हा जुना सल्ला आता मागे टाकलेला बरा.

बीपी दुखत नाही, म्हणूनच गोची होते

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळीही शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली २० टक्के एकटा मेंदू खातो. ती पोहोचवायला केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की या नळ्या कडक होतात, कुठे बंद पडतात, कुठे झिरपतात. प्रत्येक वेळी लकवा मारतोच असं नाही. छोटे छोटे झटके कळतही नाहीत. पण हिशोब जमा होत राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के बायकांचं बीपी वाढलेलं निघालं किंवा त्यांच्या गोळ्या चालू होत्या. म्हणजे चौघा मित्रांच्या ग्रुपमध्ये साधारण एक. त्याला ते माहीत असेलच असं नाही.

बीपी आटोक्यात ठेवल्याने मेंदूला फायदा होतो का, हे तपासणारी अमेरिकेतली 'स्प्रिंट माइंड' ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ९ हजारांहून जास्त लोक. एका गटात वरचं बीपी १४० च्या खाली, दुसऱ्यात १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. १२० वाल्या गटात डिमेन्शियाच्या आधीची पायरी, म्हणजे स्मरणशक्तीची सौम्य घसरण, १९ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्यक्ष डिमेन्शियाचेही रुग्ण कमी होते, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता. अर्थात १२० चं लक्ष्य सगळ्यांनाच झेपत नाही, चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

यातला कळीचा मुद्दा वयाचा आहे. मेंदूवर बीपीचा घाव सगळ्यात जास्त बसतो तो चाळीस ते पासष्टच्या दरम्यान. डिमेन्शियाचं निदान सत्तरीत होतं, पण त्याची तयारी वीस-पंचवीस वर्षं आधी चाललेली असते. म्हणजे हा लेख 'आईबाबांना फॉरवर्ड करू' म्हणून वाचत असाल, तर थांबा. तुम्ही पस्तिशी-चाळिशीचे असाल तर पहिला नंबर तुमचा आहे.

सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या कुणाचीही बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पाच मिनिटांचं काम. फक्त अर्ध्या तासात चहा, सिगारेट, जिना नको आणि मोजताना गप्पा नकोत.

मिठाबद्दल बोलताना आपल्याकडे बोट वेफर्सकडे जातं. खरं मीठ ताटातच असतं. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचा माल. आणि खाडीकाठच्या घरात सुकट, सुके बोंबील. पावसाळ्यात दर्यावर जाणं बंद असताना साठवलेली सुकी मासळी हा कोळी-आगरी स्वयंपाकाचा जीव आहे, ती सोडा म्हणणारा या किनाऱ्यावरून सुखरूप परत जायचा नाही. पण सुकी मासळी दोन-तीनदा पाण्यातून काढली, कालवणात वरून मीठ घातलं नाही आणि त्या दिवशी लोणच्याला सुट्टी दिली, तर बराच फरक पडतो. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

तंबाखूचंही तेच. सिगारेट तर आहेच. पण दातांना मिश्री लावणाऱ्या आया-आज्या 'आम्ही कुठे तंबाखू खातो' म्हणतात, तेव्हा मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच असतो हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

चालायचं, पण दहा हजारांचा बाऊ नको

स्मार्टवॉचने सगळ्यांच्या डोक्यात १०,००० पावलं बसवलीत. हा आकडा आला जपानमधून, १९६० च्या दशकातल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून. विज्ञानातून नव्हे, जाहिरातीतून.

पुढे विज्ञानाने मोजलंच. ब्रिटनमधल्या ७८ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. दिवसाला साधारण ९,८०० पावलं चालणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका निम्मा दिसला. पण खरी बातमी खालच्या आकड्यात होती. ३,८०० पावलांनाही धोका २५ टक्क्यांनी कमी होता. चालल्यामुळेच हे घडलं, की निरोगी लोकच जास्त चालतात, हा प्रश्न अशा अभ्यासांत उरतोच. तरी अर्ध्या तासाच्या आसपासचं चालणं वाया जात नाही, एवढं नक्की.

२०११ मध्ये अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला प्रयोग तर जास्तच बोलका आहे. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं झपझप चालायचं. दुसऱ्याने फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नव्या आठवणी पक्क्या करण्यात त्याचा मोठा हात. या वयात तो दरवर्षी थोडा आकसतो. दुसऱ्या गटात तसंच झालं. चालणाऱ्यांमध्ये तो २ टक्क्यांनी वाढला.

कोलशेतच्या आजीने हिप्पोकॅम्पस हा शब्द ऐकला नसेल. पण भात लावणं, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणं यात तिची पावलं कधीच पूर्ण व्हायची. तिच्या नातवाला घरातून लिफ्टने पार्किंग, तिथून गाडीने ऑफिस आणि परत. स्टेशन लांब, रस्त्यावर फुटपाथ असेल तिथे गाड्या लागलेल्या. चालणं ही आता वेगळा वेळ काढून करायची गोष्ट झालीय. म्हणूनच सेंट्रल पार्कसारखी जागा फक्त फोटोसाठी नसते. तिथे आलेल्या गर्दीतले निम्मे लोक एका जागी उभे राहून रील काढतात, तो भाग वेगळा.

दोन भाषा आणि चार माणसं

२०१३ मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या एका अभ्यासाने जगाचं लक्ष वेधलं. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती. फरक शिक्षणामुळे पडला असेल का? तर कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही तो दिसला. म्हणजे भाषा पुस्तकातून शिकलेली असायची गरज नाही, बाजारात शिकलेली चालते.

दोन भाषा येणाऱ्याचा मेंदू दर वाक्याला एक भाषा दाबतो आणि दुसरी पुढे करतो. या सततच्या कसरतीमुळे मेंदूकडे राखीव ताकद तयार होते असं मानलं जातं. आजार आतून सुरू झाला तरी माणूस आणखी काही वर्षं काम निभावतो. सगळ्या देशांतल्या अभ्यासांना असाच निकाल मिळालेला नाही, वाद चालू आहे. दोनाच्या जागी चार भाषा आल्या म्हणून फायदा वाढलेला मात्र या अभ्यासातही दिसला नाही.

आता कोलशेत बघा. घरात आगरी, शाळेत प्रमाण मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, सोसायटीत शेजारी गुजराती नाहीतर मल्याळी. परदेशात लोक पैसे भरून जी कसरत करतात ती इथे फुकट आहे. पण आईबाप मुलांशी घरात बोली बोलणं सोडतात, 'भाषा बिघडेल' म्हणून. बोलीमुळे मराठी बिघडत नाही. आजीशी आगरीत बोलणारं पोर मेंदूच्या बाबतीत तोट्यात तर नक्कीच नाही.

भाषेला माणसंही लागतात. लॅन्सेटच्या यादीत एकटेपणाचा वाटा ५ टक्के आहे, बीपी किंवा मधुमेहाच्या प्रत्येकी २ टक्क्यांपेक्षा जास्त. कोलशेतच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांचं आयुष्य गेलंय साताऱ्यात, जळगावात, नाहीतर गिरगाव-परळच्या चाळीत. मुलांनी फ्लॅट घेतला, आईवडिलांना आणलं. बाविसाव्या मजल्यावर हवा छान, बाथरूम दोन, पण दार बंद. चाळीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत दिवसभरात वीस माणसांशी बोलणं व्हायचं. इथे दूध ॲपवरून येतं आणि पिशवी दाराला अडकवलेली असते. मुलगा-सून रात्री नऊला येतात. मधल्या बारा तासांत आई किती वाक्यं बोलली, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

उपाय भारी नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, सोसायटीतला कॅरम, हास्यक्लब, काहीही चालेल. नातवंडांचा अभ्यास घेणंही चालेल, फक्त त्याची सक्तीची ड्युटी नको. टीव्ही हा मात्र सोबतीत धरायचा नाही, तो ऐकून घेत नाही.

झोप, धूळ आणि हेल्मेट

ब्रिटनच्या सुमारे ८ हजार सरकारी कर्मचाऱ्यांना २५ वर्षं पाहणाऱ्या अभ्यासात, पन्नाशी ते सत्तरीत सातत्याने ६ तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका ७ तास झोपणाऱ्यांपेक्षा ३० टक्के जास्त निघाला. झोपेत मेंदूतला कचरा धुतला जातो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत २०१३ मध्ये दिसलं. माणसात हे नेमकं कसं चालतं यावर अजून काम चालू आहे. घरात कुणी जोरात घोरत असेल आणि मध्येच श्वास अडकत असेल, तर त्यावर विनोद करण्याऐवजी तपासणी करा.

हवेच्या प्रदूषणाचा वाटा ३ टक्के. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्यांना मेट्रोच्या कामाची आणि ट्रकची धूळ काय असते हे वेगळं सांगायला नको. ती धूळ एकट्याने थांबवता येत नाही, तो महापालिकेचा आणि सरकारचा विषय आहे. चालायला मोठ्या रस्त्यापासून आतली वाट धरणं तेवढं आपल्या हातात.

डोक्याला मार लागण्याचा वाटाही ३ टक्केच. 'इथून इथे तर जायचंय' म्हणून आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर घाला. पन्नाशीनंतर बाथरूममध्ये घसरणीचा पाय टाळणारी चटई आणि धरायला दांडा बसवून घ्या.

मग बदाम, ब्राह्मी आणि सुडोकूचं काय?

बदाम खा, वाईट काहीच नाही. पण पाच भिजवलेले बदाम बीपीची गोळी विसरल्याची भरपाई करत नाहीत. मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या 'माइंड' आहाराची ६०४ लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. पालेभाज्या, सुकामेवा, मासे असलेला हा आहार घेणारे आणि नेहमीचंच थोडं कमी खाणारे, दोन्ही गटांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. दोघांत ठोस फरक दिसला नाही. ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास आहेत, पण तिच्याने डिमेन्शिया टळतो असं दाखवणारा पुरावा नाही.

खेळ खेळून मेंदू तल्लख राहतो असं सांगणाऱ्या ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगासमोर २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत हुशार होतो. त्यापेक्षा जे येत नाही ते शिका. पेटी, पोहणं, मोडी लिपी, नाहीतर शेजारणीकडून मल्याळी मीन करी.

एकट्या गोष्टीपेक्षा सगळं मिळून केलं तर? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर हे करून पाहिलं. आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष, हे सगळं एकत्र, दोन वर्षं. २०१५ मध्ये आलेल्या निकालात त्यांच्या बौद्धिक चाचण्यांचे गुण तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारलेले दिसले. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या तशाच प्रयोगाचा निकाल २०२५ मध्ये आला. तिथे एका गटाला ठरलेला कार्यक्रम, गटाच्या भेटी आणि विचारपूस करणारी माणसं दिली, दुसऱ्याला फक्त माहिती आणि मोकळीक. सुधारले दोन्ही गट. ज्यांना विचारणारं कुणीतरी होतं, ते थोडे जास्त.

डॉक्टरकडे कधी जायचं?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं नेहमीचं आहे. चष्मा कशासाठी असतो हे विसरणं नेहमीचं नाही. शेजाऱ्याचं नाव पटकन आठवलं नाही आणि नंतर आठवलं, तर हरकत नाही. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं, चाळीस वर्षं केलेल्या भाजीची कृती चुकणं, पेन्शनचा हिशोब अचानक न जमणं, ओळखीच्या वाटेवर रिक्षातून भलतीकडे उतरणं, हे दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडू नका.

आपल्याकडे अडतं ते इथेच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चाललीय. मेंदूचा डॉक्टर म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे तेच येतं आणि दोन-तीन वर्षं निघून जातात. या वर्षांत बरं होण्यासारखं कारणही हातचं जाऊ शकतं. कारण विसरण्यामागे दर वेळी डिमेन्शिया नसतो. बी-१२ कमी असणं हे शाकाहारी घरांत सर्रास आढळतं. थायरॉइड, नैराश्य, मेंदूत साचलेलं पाणी, डोक्याला लागल्यावर हळूहळू साचलेलं रक्त, यांचीही लक्षणं तशीच दिसतात आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

पहिल्यांदा फॅमिली डॉक्टर किंवा सरकारी रुग्णालयातल्या मेडिसिन विभागात गेलात तरी चालतं, ते पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. घरी ज्येष्ठांना सांभाळताना मार्ग सुचत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलिमानसचा १४४१६.

जाताना सोबत अशा माणसाला न्या जो रुग्णाबरोबर रोज राहतो. गावाहून आलेला मोठा भाऊ नको, त्याला सगळं ठीकच वाटतं. काय बदललं आणि कधीपासून, ते कागदावर लिहून घ्या. आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून घेऊन जा, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट. झोपेच्या काही गोळ्या, ॲलर्जीची जुनी औषधं, लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला धुक्यात ठेवतात. डॉक्टरांनी ती पिशवी टेबलावर उपडी करायला सांगितली नाही, तर तुम्हीच करा.